विवरणपत्र कोणाच्या हाती द्यावे?

जुलै महिना लागला की लखनौच्या बाजारपेठांतील लहानसहान दुकानांवर नवे फलक झळकू लागतात. पॅन कार्ड, आधारमधील दुरुस्ती, परीक्षांचे अर्ज, रेल्वेची तिकिटे अशी कामे वर्षभर करणारी ही दुकाने. त्यांपैकी अनेकांवर ‘जनसेवा केंद्र’ अशी पाटी असते. या दिवसांत तेथे ‘आयकर रिटर्न’ हे दोन शब्द ठळकपणे लिहिले जातात. पगारदारांची मुदत सामान्यतः ३१ जुलैला संपते. चारबाग व आलमबाग येथील रेल्वेच्या कारखान्यांतील कामगार, सचिवालयातील कारकून, शाळांतील शिक्षक, रुग्णालयांतील परिचारिका अशी नाना प्रकारची मंडळी मग कोणाच्या तरी टेबलापुढे जाऊन बसतात. ‘रिटर्न भरवा लिया’ हे त्या महिन्यातील लखनौचे नेहमीचे वाक्य. या क्रियापदातच सारी अडचण सामावलेली आहे. भरणारा एक आणि भरवून घेणारा दुसरा. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेथे एकच माणूस असतो, आणि तो म्हणजे भरवून घेणारा.

प्राप्तिकराच्या प्रत्येक विवरणपत्राच्या अखेरीस सत्यापनाचा मजकूर असतो. वर दिलेली माहिती आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे, असे करदाता त्यात जाहीर करतो. माहिती कोणी टंकित केली, वजावटींचे आकडे कोणी सुचविले, हे तेथे विचारले जात नाही. पुढे आकडे खोटे निघाले तर कर, व्याज आणि दंड यांची मागणी ज्याचा पॅन त्याच्याकडेच येते. खोट्या विवरणास चिथावणी देणाऱ्यावर खटला भरण्याची तरतूद १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात आहे, हे खरे. परंतु तो माणूस सापडावा लागतो. विश्वासू तयारकर्ता कोणता, या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. जो आपल्या कामाची खूण मागे ठेवतो, आणि ठेवण्यास कचरत नाही, त्याच्यावरच विश्वास टाकता येतो. नाव, क्रमांक, पावती आणि सही टाळणाऱ्याची हुशारी कितीही वाखाणली जात असली, तरी त्याच्यापासून दूरच राहावे.

भारतात प्राप्तिकर प्रथम बसला तो १८६० साली. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. वर्षाला २०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असणाऱ्यांना त्यातून सूट होती. ज्या अवधमध्ये त्या उठावाचा वणवा सर्वांत अधिक पेटला, त्याच अवधच्या रहिवाशांनाही मग आपल्या मिळकतीचे विवरण सरकारला देणे भाग पडले. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा कागद दुसऱ्याने लिहावा ही प्रथा तर त्याहून कितीतरी जुनी. अवधमध्ये पटवारी व मुनशी, महाराष्ट्रात कुलकर्णी. दोन्हीकडे दप्तर एकाच्या काखेत आणि जबाबदारी दुसऱ्याच्या शिरावर. आज करदाते शिकलेले आहेत, कागदाची जागा संगणकाने घेतली आहे. पण दप्तर दुसऱ्याच्या काखेत देण्याची सवय काही मोडलेली नाही.

लखनौत कर-सल्लागाराला सरसकट ‘वकील साहब’ म्हणतात. या आदरार्थी संबोधनाखाली निरनिराळ्या दर्जाची माणसे एकत्र येतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. खरा वकील राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे नोंदलेला असतो. उत्तर प्रदेशची ही परिषद प्रयागराजला आहे. सनदी लेखापाल हा १९४९ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या संस्थेचा सभासद असतो आणि त्याला सभासद-क्रमांक असतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आल्यावर त्या करापुरते नोंदणीकृत व्यावसायिकही निर्माण झाले; त्यांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले दिसले म्हणून त्यांना प्राप्तिकरही कळतो असे मानण्याचे कारण नाही. आणि चौथा तो फलकवाला, ज्याच्याकडे यांपैकी काहीच नसते. पुष्कळांना ठाऊक नसते ते असे की, मोबदला घेऊन दुसऱ्याचे विवरणपत्र भरून देण्यासाठी आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही. प्राप्तिकर अधिकाऱ्यापुढे करदात्याच्या वतीने उभे राहावयाचे असेल तेव्हाच पात्रतेचा प्रश्न येतो. म्हणजे चौथा माणूस विवरणपत्र भरू शकतो. नोटीस आल्यावर मात्र तो सोबत येऊ शकत नाही. निवड करताना पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा: उद्या अशोक मार्गावरील आयकर भवनात किंवा राम तीर्थ मार्गावरील प्रत्यक्षकर भवनात खुलासा देण्याची वेळ आली, तर आपल्या बाजूने उभा राहण्याचा अधिकार या गृहस्थाला आहे काय?

सरकारने या चौथ्या माणसाला शिस्तीत आणण्याचा प्रयत्न एकदा केला होता, आणि तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. २००६ साली कायद्यात नवे कलम घालून ‘कर विवरणपत्र तयारकर्ता योजना’ जाहीर करण्यात आली. तरुण पदवीधरांना निवडून शिक्षण द्यावे, ओळख क्रमांक व प्रमाणपत्र द्यावे आणि लहान करदात्यांची विवरणपत्रे त्यांच्याकरवी भरली जावीत, अशी ती कल्पना होती. विवरणपत्राच्या नमुन्यात त्याचा क्रमांक, नाव व सही यांसाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आली. मोबदल्याची रीत त्याहून बोलकी होती. नव्या करदात्याने भरलेल्या करावर तयारकर्त्याला पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २ टक्के आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का, कमाल १,००० रुपये, खात्याकडून मिळत. ही रक्कम २५० रुपयांहून कमी भरल्यास तेवढा फरक करदात्याकडून घेण्याची मुभा होती. म्हणजे कर जितका अधिक भरला जाई, तितकी तयारकर्त्याची मिळकत अधिक. बाजारातील दलालाचे गणित नेमके उलटे असते: परतावा जितका मोठा, तितके त्याचे दलालीचे ताट भरलेले. कोणाला कशाचे पैसे मिळतात हे कळले की तो काय करील याचा अंदाज बांधता येतो. एकीकडून खात्याकडे झुकलेला आणि दुसरीकडून लबाडीकडे झुकलेला, अशा दोन तराजूंपैकी कोणताच करदात्याच्या सोयीचा नाही. कामाच्या श्रमाप्रमाणे ठरलेली, आगाऊ सांगितलेली आणि पावतीवर लिहिलेली फी हीच सरळ.

परताव्याच्या हिश्शावर चालणारा धंदा केवढा फोफावला होता, याचे चित्र २०२५ साली पुढे आले. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर खात्याने देशभरात दीडशेच्या आसपास ठिकाणी एकाच वेळी पडताळणीची मोहीम हाती घेतली. विवरणपत्रे भरून देणारे काही दलाल व मध्यस्थ खोट्या वजावटी आणि सवलती दाखवून संघटितपणे मोठे परतावे मिळवून देत होते, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सांगितले. घरभाडे, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जावरील व्याज, वैद्यकीय विमा, आजारपणाचा खर्च, धर्मादाय देणग्या, विजेवर चालणाऱ्या वाहनासाठी घेतलेले कर्ज. मिळेल त्या कलमाचा आधार घेण्यात आला होता. काहींनी तर कापलेल्या कराची खोटी विवरणेही दाखल केली होती. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपण होऊन मागे घेतले होते. फसलेल्यांत अडाणी माणसांचाच भरणा असेल असे कोणास वाटेल, तर ते चूक ठरेल. बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालये व शिक्षणसंस्था यांतील नोकरदारांचा उल्लेख मंडळाने स्पष्टपणे केला. झडती व जप्तीच्या कारवाया झालेल्या राज्यांची जी नावे मंडळाने दिली त्यांत उत्तर प्रदेश नव्हते; महाराष्ट्राचे नाव मात्र पहिले होते. लखनौचे उदाहरण वाचून मराठी वाचकाने दुरूनच निःश्वास टाकू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

त्या निवेदनातील एक तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण तोच सर्वांत शिकण्याजोगा आहे. हे दलाल शेकडो विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि काम संपताच ते सोडून देत. खात्याच्या नोटिसा त्या पत्त्यांवर जात आणि न वाचताच पडून राहत. करदाता इकडे निश्चिंत. तिकडे उत्तराची मुदत उलटून गेलेली.

या व्यवहारात कोणाचे किती जाते हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आलमबागच्या कारखान्यातील एका कामगाराचे २०२३-२४ या वर्षाचे वेतन ९,२०,००० रुपये आहे आणि त्याने जुनी करप्रणाली स्वीकारली आहे. प्रमाणित वजावट ५०,००० व भविष्यनिर्वाह निधी आदींची १,५०,००० वजा जाता करपात्र उत्पन्न ७,२०,००० उरते. त्यावरील कर ५६,५०० आणि ४ टक्के उपकर २,२६०, एकूण ५८,७६० रुपये. ही रक्कम पगारातून आधीच कापली गेली आहे. म्हणजे देणे नाही आणि येणेही नाही. दलाल सांगतो, ‘पूरा वापस दिला दूँगा.’ तो राजकीय पक्षाला १,२०,००० रुपयांची देणगी, शैक्षणिक कर्जावर ७५,००० व्याज आणि २५,००० विम्याचा हप्ता दाखवितो. या तिन्हींतील एकही खरा नाही. उत्पन्न बरोबर ५,००,००० वर येते, त्या मर्यादेपर्यंतच्या कर-सवलतीमुळे कर शून्य होतो आणि सगळेच्या सगळे ५८,७६० रुपये परत येतात. दलाल २० टक्के, म्हणजे ११,७५२ रुपये, रोख मागून घेतो. कामगाराच्या हाती ४७,००८ रुपये राहतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बातमी पसरते, आणि पुढच्या वर्षी दलालाला जाहिरातीची गरज उरत नाही.

आता दुसरी बाजू. उत्पन्नाची चुकीची माहिती देणे या सदरात हे प्रकरण गेले, तर १९६१ च्या कायद्याच्या कलम २७०अ प्रमाणे चुकविलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो. मूळ ५८,७६० आणि दंड १,१७,५२० मिळून १,७६,२८० रुपये, व्याज वेगळे. ४७,००८ रुपयांच्या मोबदल्यात हे देणे अंगावर येते. दलालाला मिळालेल्या ११,७५२ रुपयांची कोठेही नोंद नसते.

‘पण परतावा तर आला, सरकारने तपासल्याशिवाय का दिला?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. विवरणपत्रासोबत पुरावे जोडण्याची पद्धत बंद झालेली आहे. बंगळूरच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात विवरणपत्रांवर यांत्रिक प्रक्रिया होते; बेरीज-वजाबाकी आणि खात्याजवळ असलेल्या नोंदींशी मेळ पाहिला जातो. दावा खरा आहे की नाही याचा निवाडा तेथे होत नाही. म्हणून परतावा ही दाव्याला मिळालेली मान्यता नव्हे. करदात्याच्या शब्दावर तूर्त दिलेली ती रक्कम आहे. १९६१ च्या कायद्यात २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण प्रकरण पुन्हा उघडण्याची मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिने एवढी आहे. वरील उदाहरणातील कामगाराने ते पैसे घराच्या दुरुस्तीत केव्हाच घातलेले असतील. त्याच्या मानेवरची तलवार मात्र जून २०२८ अखेरपर्यंत टांगलेली राहील. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून विवरणपत्रात विमापत्राचा व कर्जखात्याचा क्रमांक यांसारखे तपशीलही मागितले जाऊ लागले. त्यामुळे ज्याला खोटी वजावट दाखवावयाची, त्याला आता खोटे क्रमांकही रचावे लागतात.

तयारकर्त्याची पारख करण्याची वेळ काम सुरू होण्यापूर्वीच असते. तो कोणते कागद मागतो यावर बारीक लक्ष द्यावे. मालकाने दिलेले वेतन व करकपातीचे प्रमाणपत्र, बँकेच्या व्याजाचा तपशील, विम्याच्या हप्त्याची पावती, घरमालकाची भाडेपावती यांची मागणी करणारा, आणि नसलेल्या पावतीची वजावट घेण्यास साफ नकार देणारा माणूस कटकट्या वाटतो, तोच कामाचा. नोव्हेंबर २०२१ पासून खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक करदात्याला ‘वार्षिक माहिती विवरण’ पाहता येऊ लागले. त्याचे व्याज, लाभांश, रोख्यांची खरेदी-विक्री यांविषयी खात्याला जे कळलेले आहे, ते त्यात दिसते. ते न उघडताच विवरणपत्र भरणारा आळशी तरी असला पाहिजे, नाही तर त्याला खरे आकडे नकोच असले पाहिजेत. एकही कागद न पाहता परताव्याचा आकडा सांगून मोकळा होणाऱ्याच्या दुकानाची पायरी उतरावी हे उत्तम.

मोबाइल क्रमांक, ई-मेल पत्ता आणि परवलीचा शब्द या तीन गोष्टी करदात्याने आपल्याच ठेवाव्यात. दुकानदार सोयीसाठी म्हणून आपला पत्ता घालू पाहतो, आणि त्यात दर वेळी कपट असतेच असे नाही. शंभर गिऱ्हाइकांचे काम एका ठिकाणी आवरण्याची त्याची ती रीत असते. तथापि नोटीस त्याच्याकडे जाते आणि पुढच्या वर्षी त्याने दुकान हलविले की गिऱ्हाइकाला आपल्याच खात्यात शिरता येत नाही. सनदी लेखापालाला करदात्याचा परवलीचा शब्द न घेताही, करदात्याच्या संमतीने, त्याच्या वतीने काम करण्याची सोय संकेतस्थळावर आहे. आणि ‘ओटीपी’बद्दल तर जितके सांगावे तितके थोडे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारे ते सहा अंक म्हणजे त्या कागदावरची सही. विवरणपत्र सादर झाल्यापासून ३० दिवसांत सत्यापन करावयाचे असते. ते बहुतेक वेळा याच अंकांनी होते. ‘भाईसाहब, एक नंबर आया होगा, बता दीजिए’ असे फोनवर ऐकताच अंक सांगून टाकणारा माणूस न वाचलेल्या कागदावर सही करीत असतो. भरलेल्या विवरणपत्राचा मसुदा आधी मागावा. त्यातील वजावटींचे पान आणि परताव्याची ओळ वाचावी. प्रत्येक आकड्यासमोर आपल्याजवळ कागद आहे याची खात्री करावी. मगच अंक द्यावेत. हे वाचन पंधरा मिनिटांचे आहे.

सनदी लेखापाल म्हणविणाऱ्याचा सभासद-क्रमांक त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. त्याने सही केलेल्या प्रमाणपत्रांवर व अहवालांवर १८ अंकी ओळख क्रमांक असावा लागतो. १ फेब्रुवारी २०१९ पासून टप्प्याटप्प्याने ते बंधन आले. परताव्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या फलावर अवलंबून असलेली फी घेणे हे त्याच्या व्यवसायधर्मात, काही ठरावीक अपवाद सोडता, गैरवर्तन गणले जाते. भिंतीवर सनद लावून टक्केवारीची बोली करणाराही म्हणूनच संशयास्पद समजावा. अमेरिकेत मोबदला घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याने नोंदणी क्रमांक घेऊन त्यावर सही करणे सक्तीचे आहे. जो सही टाळतो त्याला तेथील करखाते चक्क ‘भूत’ म्हणते! आपल्याकडे अशा भुतांना अद्याप नाव नाही, वस्ती मात्र दाट आहे.

चौकातील चिकनचा लहान व्यापारी निराळ्याच मोहात सापडतो. त्याला परतावा नको असतो. बँकेत कर्जासाठी दाखविता येईल असे उत्पन्न हवे असते. अंदाजी नफ्याच्या तरतुदीखाली हिशेबाच्या वह्यांवाचून विवरणपत्र भरता येते, आणि कर न लागणाऱ्या मर्यादेच्या किंचित आतला आकडा लिहून देणारे ‘वकील साहब’ सहज भेटतात. विक्री बँकेच्या खात्यात दिसत नसेल, तर हा आकडा पुढे कर्जाच्या छाननीत किंवा वस्तू व सेवा कराच्या नोंदींशी ताडून पाहताना उघडा पडतो.

अनेकांना खरे तर कोणाकडेही जाण्याची गरज नसते. एकच नोकरी, थोडे व्याज आणि ५० लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या निवासी पगारदारासाठी ‘सहज’ नावाचा नमुना आहे. त्यात बरीचशी माहिती आधीच भरलेली येते आणि तो सादर करण्यास शुल्क नाही. घर विकले असेल, परदेशातून उत्पन्न असेल, धंदा असेल, जुनी थकबाकी मिळाली असेल, तेव्हा जाणकाराची फी देणे स्वस्त पडते. १९६१ च्या कायद्याऐवजी २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू करण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या पाठांतरावर चालणाऱ्या तयारकर्त्याची परीक्षा घेण्यास ही संधी बरी आहे.

ज्याच्या नावाने खोटा दावा आधीच दाखल झाला आहे, त्याने काय करावे? खात्याने चौकशी उघडण्यापूर्वी सुधारित वा अद्ययावत विवरणपत्र भरून दावा मागे घ्यावा. अद्ययावत विवरणपत्राची सोय २०२२ साली झाली आणि २०२५ साली तिची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिने करण्यात आली. जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि शेवटी ७०. वरील कामगाराला पहिल्या वर्षी १४,६९० रुपये आणि व्याजावरील थोडी भर एवढ्यावर सुटता आले असते. दलालाशी झालेले संदेश, त्याला दिलेल्या पैशांची नोंद आणि दुकानाच्या फलकाचे छायाचित्र जपून ठेवावे. तयारकर्ता सनदी लेखापाल असल्यास त्याच्या संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे, वकील असल्यास विधिज्ञ परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. यांपैकी कोणीच नसल्यास पोलीस ठाणे उरते, आणि तेथे पहिला प्रश्न विचारला जातो तो त्या माणसाच्या पूर्ण नावाचा.